इंगळ्यांचा गॅस ओटल्यावर

आडनाव इंगळे आणि घरात काडीभर विस्तव नाही, अशी गंमत बडोद्यातल्या गोरव्याच्या आनंदकुंज सोसायटीनं त्या वर्षी पाहिली. गंमत बघणाऱ्यांना, बरं का. कौशल्याबाई इंगळ्यांना यातलं काही विचारायला जाल तर त्या तुम्हाला फाटकातूनच परत पाठवतील, आणि तेही घरच्या मराठीत नाही, चांगल्या मांडवीच्या भाजीबाजारातल्या गुजरातीत.

ही गुजराती त्यांनी तीस वर्षं भाव करून कमावली होती. कौशल्याबाईंचं माहेर बडोद्याचं, सासर बडोद्याचं. नवरा सुभानराव लष्करात. त्यांच्या घराण्यात सगळेच फौजेतले. पणजोबा गायकवाडी फौजेत होते. ते कुठल्या लढाईत होते हे सुभानरावांना सांगता येत नाही, पण घोडा पांढरा होता हे नक्की सांगतात. सुभानरावांच्या बदल्या पठाणकोट, जोरहाट, जबलपूर अशा झाल्या आणि कौशल्याबाईंची बदली मांडवीतल्या घरात, स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

कारण शेगडीसमोरची जागा थोरल्या जाऊबाईंची, कुसुमावतींची. कौशल्याबाईंनी निवडायचं, सोलायचं, वाटायचं, मळायचं. फोडणी कुसुमावतींनी घालायची. वांगी कौशल्याबाईंनी भरलेली असली तरी पाहुणा बोटं चाटून म्हणायचा, "वहिनीसाहेब, काय वांगी झालीत." आणि वहिनीसाहेब म्हणायच्या, "अहो, कौशल्याची मदत होती ना." हे 'मदत' ऐकलं की कौशल्याबाईंच्या हातातला वरवंटा जरा जोरात वाजायचा. भांडण म्हणाल तर कधीच झालं नाही. झालं असतं तर निदान भडास तरी निघाली असती.

सुभानराव निवृत्त झाले आणि गोरव्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर म्हणून लागले. जवळच टेनामेंट घेतलं. बडोद्यात टेनामेंट म्हणजे खुराडं नव्हे, भिंतीला भिंत लागून असलेलं पण स्वतःचं दार, स्वतःचं फाटक असलेलं घर. कौशल्याबाईंनी बैठक पाहिली नाही की न्हाणीघर पाहिलं नाही. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तोच त्यांचा गृहप्रवेश.

निघताना कुसुमावतींनी मोठ्या मायेनं सांगितलं होतं, "तिकडे चूल पेटेपर्यंत डबा इथूनच येईल. संकोच करू नकोस हो कौशल्या. तुला एकटीला कुठं झेपायचं."

तेव्हापासून डबा यायचा. सुभानराव ड्यूटी सुटली की स्कूटर उलट्या दिशेला मांडवीकडे वळवायचे आणि चार पुडांचा डबा हँडलला लटकवून परत यायचे. आणि जेवताना वर म्हणायचे, "वहिनीसाहेबांच्या आमटीला तोड नाही." ज्याला रोज आयती आमटी मिळते त्याला गॅसची घाई कशाला? कौशल्याबाईंना मात्र तो घास गिळता गिळत नव्हता. स्वतःच्या घरात बसून जावेचं जेवायचं आणि भांडी घासून तिला परत करायची. मांडवीत निदान कांदा तरी चिरायला मिळत होता.

तुम्ही म्हणाल, मग स्टोव्ह पेटवायचा. रॉकेल रेशनकार्डावर, आणि कार्ड मांडवीचं, एकत्र कुटुंबाचं. त्यातून नावं कमी करायला कार्डावरच्या कर्त्याची सही हवी. कर्ते म्हणजे थोरले दीर प्रतापसिंहराव, आणि ते लग्नाला कोल्हापूरला जाऊन बसलेले. काळ्या बाजारातून रॉकेल आणावं, तर सुभानराव म्हणाले, "आपण काय चोर आहोत? जे होईल ते रीतसर होईल." सिलिंडरचं कनेक्शनही प्रतापसिंहरावांच्याच नावावर. विजेची शेगडी होती. पण मीटर अजून आला नव्हता, बिल्डरच्या तात्पुरत्या लाइनवर सगळी रांग चालायची. कौशल्याबाईंनी एकदाच शेगडी लावली आणि सात घरांचे पंखे बंद पडले. शेजारच्या हंसाबेन भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "कौशल्याबेन, आजे शुं रांध्युं?" काय शिजवलं, म्हणे. शिजलं काहीच नव्हतं. शेजार तेवढा तापला होता.

विजेच्या मीटरसाठी घरवेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती मागत. घरवेऱ्याच्या कचेरीत विजेचं बिल मागत. कौशल्याबाई या खिडकीवरून त्या खिडकीवर जात, पदरानं मान पुसत परत येत, आणि घरी आल्यावर नळ उघडला की नळातून नुसता फुस्स आवाज येई. त्या नळालाही एकदा म्हणाल्या, "तू तरी बोलतोस म्हणायचं."

एकच आशा होती, पाइपच्या गॅसची. सोसायटीच्या गल्लीतून लाइन गेलेली होती. अर्ज करायचा, माणूस जागा बघून जायचा, मग पाइप बसायचा. सिलिंडर नको, कार्ड नको, दिरांची सही नको. कौशल्याबाई म्हणाल्या, "मी जाते सयाजीगंजच्या ऑफिसात. दोन शब्दांत काम करून येते."

"तू कशाला? मी आहे ना." सुभानरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मला गुजराती येतं."

इथंच सगळं बिघडलं. सुभानरावांचं उमेदीचं आयुष्य बडोद्याबाहेर गेलेलं. पोरपणी गल्लीत ऐकलेलं गुजराती पठाणकोटच्या थंडीत गोठून गेलं होतं. परत आल्यावर त्यांनी स्वतःची एक रीत काढली, मराठी शब्द घ्यायचा, त्याच्या शेपटीला ओ नाहीतर उं लावायचा, आणि मोठ्यानं बोलायचं. कारखान्यातले लोक त्यांच्या हुद्द्याला घाबरून समजल्यासारखं करायचे. त्यामुळे त्यांचा असा समज की आपलं गुजराती तोफेसारखं आहे. तोफेसारखंच होतं. कुठं जाऊन पडेल याचा नेम नव्हता.

गॅसच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी खिडकीतला माणूस म्हणाला, "साहेब, वार लागशे." म्हणजे वेळ लागेल. सुभानराव ताठ झाले. घरी येऊन म्हणाले, "मला धमकी देतो. म्हणे वार लागेल. मी म्हटलं, करून तर बघ."

कौशल्याबाईंनी कपाळावर हात मारला नाही, कारण दोन्ही हातांत जावेच्या डब्याचे पुडे होते. "अहो, त्याचा अर्थ उशीर लागेल असा होतो."

"मग तसं सरळ सांगायचं ना त्यानं."

"पुढच्या वेळी मी जाते."

"आता काय उरलंय? अर्ज देऊन आलो. जागा बघायला माणूस येईल, एवढंच."

माणूस आला तेव्हा कौशल्याबाई नेमक्या रेशनच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. घरी सुभानराव एकटे, कडक इस्त्रीच्या शर्टात. गॅसचा माणूस जयंतीभाई, हातात टेप घेऊन फाटकातच थांबला आणि विचारलं, "साहेब, पॉइंट क्यां आपवानो?" पॉइंट कुठं द्यायचा.

आता इथं जरा थांबायला हवं. मराठी घरात ओटा म्हणजे स्वयंपाकाचा कट्टा, ज्यावर शेगडी ठेवतात. आणि बडोद्यातला गुजराती माणूस ओटलो म्हणतो तो घराच्या दर्शनी भागाला, दारापुढच्या बसायच्या चौथऱ्याला, जिथं संध्याकाळी बायका भाजी निवडतात आणि सगळ्या सोसायटीची उणीदुणीही निवडतात. सुभानरावांनी ओटलो हा शब्द गल्लोगल्ली ऐकला होता. त्यांच्या हिशेबानं तो ओटाच, ओ लावलेला.

"ओटला पर," ते ठणकावून म्हणाले.

जयंतीभाईनं दाराबाहेरच्या चौथऱ्याकडे पाहिलं. "ओटला पर? पाकुं?" ओटल्यावर, नक्की ना?

"एकदम पाकुं. ओटला पर नहीं तो रांधवानुं क्यां?" म्हणजे, तिथं नाही तर शिजवायचं कुठं?

जयंतीभाई बिचारा सरळ माणूस. त्यानं दारावरची पाटी वाचली, इंगळे. मराठा लोक, फौजी. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मटण करत असतील, ते घरात नको म्हणून बाहेर शिजवत असतील. दुसऱ्याच्या चालीरीतीत नाक खुपसू नये असा त्याला वळणाचा संस्कार. त्यानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. बाहेरूनच माप घेतलं आणि चहा न घेता गेला.

"आत आला होता का तो?" कौशल्याबाईंनी परत आल्यावर विचारलं.

"गरज काय? मी तोंडी सगळं समजावलं. हुशार माणूस. एका वाक्यात समजला."

कौशल्याबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण त्या दिवशी रेशनवाल्यानंही कर्त्याला घेऊन या म्हणून परत पाठवलं होतं, पाय भरून आले होते. त्यांनी विषय सोडला, आणि जावेच्या डब्यातली गार पोळी मोडली.

पाइप बसवायला माणसं आली तेव्हा सुभानराव ड्यूटीवर आणि कौशल्याबाई विजेच्या मीटरच्या मागे. किल्ली हंसाबेनकडे ठेवलेली. पण किल्ली मागायची वेळच आली नाही. काम सगळं बाहेरच होतं ना. संध्याकाळी कौशल्याबाई कोपऱ्यावर वळल्या तर सोसायटीतल्या बायका त्यांच्या फाटकाशी जमलेल्या. जवळ जाऊन बघतात तो पिवळाधमक रंगवलेला पाइप गल्लीतून ऐटीत आलेला, फाटकाच्या कडेनं वर चढलेला, आणि थेट बाहेरच्या ओटल्यावर, झोपाळ्याच्या कडीखाली, छानशी पितळी तोटी काढून थांबलेला. शेजारी भिंतीवर गॅसचा मीटर. त्यावर कुणीतरी भक्तिभावानं कुंकवाची बोटंही ओढून ठेवली होती.

हंसाबेन म्हणाल्या, "कौशल्याबेन, ओटलाने रसोडुं बनाव्युं?" ओटल्याचं स्वयंपाकघर केलंत का?

कौशल्याबाईंनी त्यांच्या हातातून किल्ली घेतली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कुलूप उघडलं, आत गेल्या, आणि स्वयंपाकघराच्या कोऱ्या कडप्प्यावर तळहात टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांची वणवण, इतक्या खिडक्या, इतकी आर्जवं, आणि आता गॅस आला होता. आला होता आणि दाराबाहेर बसला होता, एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

सुभानराव आले. हँडलला डबा. त्यांनी पाइप पाहिला, मिशी खाली आली.

"मी ओटाच म्हटलं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही ओटलो म्हटलंत."

"तेच ना ते."

"तेच असतं तर मी आत्ता बाहेर उभी असते का?" कौशल्याबाई आतूनच म्हणाल्या. त्यांना आपण आत की बाहेर याचंही भान राहिलं नव्हतं. "तीस वर्षं या गावात मी बोलतेय. भाजीवाल्याशी, धोब्याशी, दवाखान्यात, शाळेत. एक शब्द, एक शब्द मला विचारला असता."

"उद्या जातो. पॉइंट हलवून घेतो. रीतसर."

दुसऱ्या दिवशी ते खरंच गेले. परत आले ते हळूच. नवा अर्ज, पुन्हा पाहणी, आणि आता दिवाळीची गडबड असल्यामुळे दिवाळीनंतरच. तेवढ्यात मांडवीहून निरोपही आणला होता, तोही त्यांनी मोज्यासारखा हळूच बाहेर काढला. "वहिनीसाहेब रविवारी येतायत घर बघायला. म्हणाल्या, कौशल्याला त्रास नको. सगळ्यांचं जेवण त्या घेऊनच येतील."

कौशल्याबाई झाडत होत्या. केरसुणी थांबली.

नव्या घरात पहिल्यांदा जाऊ येणार, आणि तिनंच आणलेलं तिलाच वाढायचं. वर पुन्हा कुणी विचारलं तर ती म्हणणार, कौशल्यानं ताटं घेतली ना, मदत केली. मग दिवाळी येणार, दिवाळीचा फराळही तिकडूनच येणार. आणि दिवाळीनंतर कोण सांगावं, सवय लागलेली असणार, सगळ्यांनाच.

"वांगी आणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शनिवारी मांडवीतून वांगी आणा. लहान, काटेरी. आणि ज्वारीचं पीठ. डबा नको."

"पण शिजवणार कुठं?"

कौशल्याबाईंनी केरसुणीनं बाहेरची दिशा दाखवली.

"ओटल्यावर?" सुभानराव घाबरले. लष्करात ते कशाला घाबरले नसतील. "अगं, लोक बघतील. रस्त्यावर स्वयंपाक, इंगळ्यांच्या घरात? आपण रीतसर..."

"रीतसर झालं तेवढं पुरे झालं. पाइप रीतसर आहे, मीटर रीतसर आहे, तोटीही रीतसर आहे. तुम्ही सांगितलं तिथंच बसलीय. मी तिथंच शिजवणार."

रविवारी सकाळी आनंदकुंज सोसायटीत वर्तमानपत्रं कुणी धड वाचली नाहीत. कौशल्याबाईंनी गॅसची कोरी शेगडी उचलून बाहेर आणली, नळी जोडली, पाट मांडला, पदर खोचला. मटणाचा बेत त्यांनी आधीच बाजूला ठेवला होता. समोरच्या रांगेत सगळे शाकाहारी, आणि हंसाबेनच्या सासूबाई समोरच माळ घेऊन बसतात. जयंतीभाईची समजूत त्यांना ठाऊकही नव्हती, पण ती अशी आपोआप खोटी पडली.

पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरीही. गोरव्याच्या मोकळ्या मैदानावरून येणारा वारा, त्याला काय, तो अर्ज न करता येतो. तिसऱ्या काडीला आच धरली आणि लगेच एका बाजूला झोपली. कौशल्याबाईंनी हाक मारली, "अहो, इथं उभे राहा."

सुभानराव एक पत्रा घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. जरा हलले की आच फडफडायची.

"सरळ उभे राहा. पठाणकोटला कसे उभे राहायचात?"

"तिथं कुणी भाकऱ्या भाजत नव्हतं."

मसाला परतायला लागला तसा वास गल्लीभर पसरला. सायकलवरून जाणारा एक अनोळखी माणूस फाटकाशी थांबला, कढईकडे पाहत म्हणाला, "मासी, भजियां केटलानां?" मावशी, भजी कितीची?

सुभानरावांचा चेहरा असा झाला की पत्र्यामागे लपवता आला असता तर त्यांनी लपवला असता. कौशल्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "भजियां नथी, भाई. आगळ जाव." भजी नाहीत, पुढं जा. पण जाता जाता त्यानं वास पुन्हा एकदा घेतला, हे त्यांनी बघितलं होतं.

घाम, धूर, उडणारं पीठ, वाकून धरलेला पत्रा, समोरच्या ओटल्यावरून चाललेल्या सूचना. कुणी म्हणे आच मोठी करा, कुणी म्हणे झाकण घाला. एवढी माणसं मांडवीच्या स्वयंपाकघरात तीस वर्षांत बोलली नसतील. कौशल्याबाईंचा जीव मेटाकुटीला आला. एक भाकरी थापताना फाटली, ती त्यांनी गोळा करून इतक्या जोरात पुन्हा मळली की हंसाबेन गप्प झाल्या.

अशा ऐन वेळी रिक्षा येऊन थांबली. कुसुमावती उतरल्या. इरकली लुगडं, हातात सहा पुडांचा डबा, हा खास पाहुण्यांचा. त्यांनी फाटक पाहिलं, दीर पत्रा धरून उभा पाहिला, जाऊ पाटावर बसलेली पाहिली.

"हे काय ग कौशल्या, रस्त्यावर?"

"या वहिनीसाहेब. रस्त्यावर नाही, घरातच आहात. बसा, गरम वाढते."

"अगं, मी सगळं आणलंय. कशाला उगाच..."

"ते आत ठेवा. संध्याकाळी बघू."

कुसुमावती बसल्या. बसायला झोपाळा होता, पण त्या शेगडीपाशी पाट ओढून बसल्या. सवयीनं हात पुढं गेला, कढईतला डाव धरायला. कौशल्याबाईंनी डाव स्वतःकडे ओढून घेतला नाही, फक्त सोडला नाही. दोघींची बोटं क्षणभर एकाच दांड्यावर राहिली.

"वांगी लागतील ग खाली."

"नाही लागणार."

कुसुमावतींनी हात मागे घेतला आणि नाकाला रुमाल लावला, बहुतेक धुरामुळे.

जेवण वाढलं ते तिथंच, ओटल्यावर, सगळ्या सोसायटीच्या डोळ्यांदेखत. सुभानरावांनी पत्रा ठेवला, दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. आमटीविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत, एवढी अक्कल त्यांना त्या दिवसापुरती आली होती. कुसुमावतींनी वांग्याचा घास घेतला, चावला, पुन्हा घेतला. झाली कशी, हे त्या बोलल्या नाहीत. पण दुसरं वांगं त्यांनी स्वतःच्या हातानं घेतलं.

हंसाबेनच्या घरी एक वाटी गेली. सासूबाईंनी माळ थांबवून विचारलं, कांदा-लसूण? हंसाबेन म्हणाल्या, "बा, तमे ना पूछो." बा, तुम्ही विचारू नका. वाटी परत आली ती पुसून.

निघताना कुसुमावती फाटकापाशी थांबल्या. विचारलं ते कौशल्याबाईंना नाही, सुभानरावांना. "भावजी, उद्या डबा न्यायला किती वाजता येताय?"

सुभानराव हात धुऊन उभे होते. ते बायकोकडे बघायला लागले. कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या स्वतःसाठी शेवटची भाकरी थापत होत्या, पाठ फिरवून. सुभानरावांनी मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला.

"उद्यापासून मी घरीच जेवणार, वहिनीसाहेब."

कुसुमावती "बरं," म्हणाल्या, रिक्षात बसल्या आणि पदर सावरता सावरता रिक्षावाल्याला मांडवी म्हणाल्या.

वारा पुन्हा आला. तव्याखालची आच विझली. कौशल्याबाईंनी तोटी बंद केली, पिठाच्या हातानं इकडेतिकडे चाचपलं, पाटाखाली बघितलं, आणि नवऱ्यावर ओरडल्या, "काडेपेटी कुठं ठेवलीत? आणि पत्रा कुणी सोडायला सांगितला होता तुम्हाला?"